नावानं हाक

दुपारचं जेवण झालं की रत्नमालाबाई खिडकीशी आरामखुर्चीत बसतात. झोपायचं नाही असं ठरवून बसतात, त्यामुळे डोळा हमखास लागतो. सतराव्या मजल्यावरची ही खिडकी म्हणजे भिंतभर काच, आणि काचेपलीकडे ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचं डाउनटाउन. अमेरिकेच्या मानानं मुठीत मावेल एवढंच. दहा-पंधरा उंच इमारती आणि बाकी नुसतं पार्किंग. शिकागोचा कुणी पाहुणा आला की नाक मुरडायचा, आणि मग बाईंच्या यजमानांचा पारा चढायचा. "उंची काय बघतोस? यांतल्या एकेकीचा गळा मी आतनं बघितलाय," म्हणायचे.

ते खोटं नव्हतं. धैर्यशील इंगवले लिफ्टचे इंजिनियर. कोल्हापूर सोडून इथं आले आणि जन्मभर याच इमारतींच्या लिफ्ट सांभाळत राहिले. काळ्या काचेच्या सगळ्यांत उंच इमारतीला ते 'म्हैस' म्हणायचे, कारण तिची लिफ्ट मनात येईल तिथं बसायची. हिरव्या टोपीची जुनी इमारत होती 'मामलेदारीण'. संध्याकाळी चहा घेताना दोघं या बायकांची उणीदुणी काढत बसायची. आता उणीदुणी काढायला बाई एकट्याच उरल्या आहेत. इंगवले गेल्या हिवाळ्यात गेले.

आणि तेव्हापासून एक गोष्ट बाईंना आतून खाते आहे. शेवटच्या दिवशी ते बेशुद्ध होते. नर्स भली होती. तिनं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, त्यांना नावानं हाक मारा, मोठ्यानं मारा. माणूस सगळं विसरतो, नाव विसरत नाही. कधीकधी नाव ऐकून परत फिरतो. आता बाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं ते उखाण्यापुरतं, तेही 'राव' लावून आणि पदर तोंडाशी धरून. त्या खोलीत त्यांची जीभ रेटेना. कॉटचा दांडा धरून "अहो, अहो" एवढंच म्हणत राहिल्या. ते परत फिरले नाहीत. 'अहो' हे काय नाव झालं? महाराष्ट्रातली निम्मी लग्न झालेली माणसं त्या हाकेला ओ देतील. ती हाक त्यांच्यापर्यंत पोचलीच नसेल तर? हे विचारायचं कुणाला, हाच बाईंचा प्रश्न आहे, आणि ज्यांना विचारायचं ते तर नाहीत.

समोरच्या काचांवर ऊन चढतं. पापण्या जड होतात. म्हशीच्या वरच्या कुठल्याशा मजल्यावर कुणीतरी दिवा लावतं आणि विझवतं. भरदुपारी दिवा कशाला, असं बाईंच्या मनात येतं, आणि त्या म्हशीच्या तळमजल्यावर उभ्या असतात, पायात घरातल्या सपाता.

फरशी एवढी गुळगुळीत की स्वतःचा चेहरा उलटा दिसतो. टेबलामागे निळ्या कोटातला पहारेकरी. गोरापान, पण बोलतो अस्सल कोल्हापुरी.

"कुणाकडं जायचंय?"

"आमच्या ह्यांच्याकडं."

"'हे' कितव्या मजल्यावर बसत्यात?"

"ते काय ठाऊक नाही. लिफ्टचं काम बघतात."

"नाव सांगा बाई. नावाशिवाय वर सोडत न्हाई."

बाई तोंड उघडतात. अक्षर फुटत नाही. मागं रांग लागली आहे, सगळ्यांच्या छातीवर आपापल्या माणसाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. बाईंना रडू येईल असं वाटतं, तेवढ्यात कोपऱ्यातल्या लिफ्टचं दार उघडतं. आत ते आहेत. बटणांची पाटी उघडून, चष्मा कपाळावर चढवून काहीतरी पिळतायत. मनगटावर दवाखान्याचा पट्टा अजून तसाच.

"आलीस होय? ये आत."

"तुम्ही इथं काय करालाय?"

"बसली होती म्हैस. उठवली."

दार मिटतं. लिफ्ट चढायला लागते, आणि बाईंचं पोट खाली राहतं. त्यांना हात लावून बघावं असं बाईंना वाटतं, पण भीती वाटते. हात गार लागला तर काय करायचं?

दार उघडतं. समोर मोठं ऑफिस, भिंतभर खिडक्या, खाली टल्सा पसरलेलं. गालिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उडदाचे पापड वाळत घातले आहेत. बाईंची आई, जी कधीच अमेरिकेत आली नाही, मीटिंगच्या टेबलाखाली बसून लाट्या करते आहे.

"पाय देऊ नको, ओले आहेत," ते म्हणतात, आणि दार मिटतं.

पुन्हा उघडतं तेव्हा दवाखान्याचा बोळ. बाई दोन पावलं मागं सरतात. बोळाच्या टोकाला एक खोली, आणि तिथून बारीक आवाज येतो, शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसा. अहो. अहो. अहो. आपलाच आवाज ओळखायला त्यांना वेळ लागतो.

"एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी मी हाक मारत होते. तुम्हाला ऐकू येत होतं का?"

ते मान वाकडी करून छताकडे कान लावतात. "थांब जरा. दोर बोलतोय."

"दोराचं राहू दे. एवढं सांगा मला."

"मजला आला बघ," ते म्हणतात.

दार गच्चीवर उघडतं. ओक्लाहोमाचा वारा, तो काय सांगावा. सगळ्या इमारती जवळ सरकून आल्या आहेत. मामलेदारीण तर एवढी जवळ की तिच्या टोपीवरचं शेवाळ दिसतं. ते स्क्रूड्रायव्हर खिशात टाकतात, बाहेर पडतात आणि चालायला लागतात. गच्ची संपते तिथंही ते थांबत नाहीत. पुढं दुसरी गच्ची आहे, तिच्यापुढं तिसरी. बाई निघू बघतात, पण सपाता लिफ्टच्या फरशीला चिकटल्यासारख्या. आणि त्यांना नर्स आठवते. आता नाही तर कधीच नाही.

"धैर्यशील!"

नुसतं नाव, आयुष्यात पहिल्यांदा. तोंडात ते नाव परक्याच्या पोरासारखं अवघडून बसतं, पण बाई ओरडतात, घसा फाटेस्तोवर ओरडतात. साऱ्या शहराच्या खिडक्यांमधली माणसं खुर्च्यांतून उठतात. म्हशीतली, मामलेदारणीतली, बँकेच्या इमारतीतली. काचेला कपाळ लावून सगळी बाईंकडे बघतात. एकटे ते वळत नाहीत.

"धैर्यशीलराव!"

ते चालतच राहतात. पाठ लहान होत जाते. बाईंचं अवसान गळतं. आता हाकही उरलेली नाही, नुसता श्वास उरला आहे, आणि त्या श्वासाबरोबर सवयीनं बाहेर पडतं,

"अहो."

हळूच. शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतकं.

ते लगेच वळतात. न्हाणीघराच्या दारातून साबण मागायला वळायचे तसे.

"काय गं?"

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरतो. "म्हणजे ऐकू येतं होय."

"न यायला काय झालं? बहिरा झालो की काय?"

"मग तेव्हाही ऐकू आलं होतं?"

"आलं की. सारखी तर मारत होतीस."

हिवाळ्यापासून याच एका उत्तरासाठी बाईंचा जीव टांगणीला लागला होता. उत्तर मिळालं. हायसं वाटायला हवं, आणि घटकाभर वाटतंही. मग ते उत्तर हळूहळू उलटं फिरतं, आणि बाईंना राग येतो.

"आणि ऐकूनसुद्धा गेलात?"

ते उशीर झालेला पाहुणा उंबऱ्यात चपला शोधताना बघतो तसे बघतात. दार मिटायला लागतं. बाई फटीत हात घालतात. दार थांबत नाही.

त्या जाग्या होतात ते हात छातीशी धरून. खिडकीवरचं ऊन निघून गेलं आहे. इमारती आपापल्या जागी आहेत, नेहमीसारख्या लांब. घसा बसला आहे. उजव्या हाताच्या चारही बोटांवर एक आडवी लाल रेघ, सरळ, खोल, दोन्ही अंगांनी. खिडकीच्या चौकटीवर हात अवघडला असेल म्हणावं, तर चौकट खुर्चीपासून चांगली हातभर लांब आहे. बाई बोटं मिटतात, उघडतात. ठणकतं.

संध्याकाळी लेक केतकी भाजी घेऊन येते. ती इथंच जन्मली, इथंच वाढली. पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता तिची नजर जाते.

"आई, हे काय लागलं?"

"लिफ्टच्या दारात सापडला हात."

केतकी बोटं उजेडात धरून बघते. "कसं शक्य आहे? मध्ये कुणाचा हात आला की दार आपोआप मागं येतं. बाबाच सांगायचे ना, दार माणसावर कधीच मिटत नाही."

"हो," बाई म्हणतात. आवाज अजून घोगराच आहे. "मागं यायला हवं होतं."