फ्रिजच्या दारावरचा हात

नाशिक रोडला, रेल्वे लाइनच्या पलीकडे, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्या लोकांची बैठी घरं आहेत. त्यातल्या एका घरात लंकाबाई एकट्या राहतात असं अख्खी कॉलनी समजत होती. लंकाबाईंना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते घरात दोघं होते. एक त्या स्वतः, आणि दुसरे त्यांचे यजमान धोंडीराम. धोंडीराम जाऊन तीन वर्षं होत आली होती, एवढीच काय ती अडचण.

हसू येत असेल तर जरा थांबा. लंकाबाई काही भुताखेताला भिणारी बाई नव्हे. निफाडकडच्या मळ्यात वाढलेली, विहिरीवर एकटी जाणारी बाई. शेजारच्या आक्काबाईंनी एकदा त्यांच्या फाटकाला लिंबू-मिरच्या बांधल्या, तर लंकाबाईंनी लिंबू पिळून सरबत केलं, मिरच्या ठेच्यात घातल्या आणि वर आक्काबाईंनाच वाटीभर ठेचा नेऊन दिला. अशा बाईने नवरा घरात आहे म्हणायचं म्हणजे तसंच काही घडलेलं असणार.

घडलं ते पितृपक्षात. धोंडीराम गेल्याला वर्ष उलटलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे धोंडीराम रविवारी सकाळी घुटमळत असायचे, तिथे लंकाबाईंनी गवंड्याकडून छोटासा सिमेंटचा ओटा बांधून घेतला होता, खास कावळ्याचं पान ठेवायला. खीर, वडे, आमसुलाची चटणी असं सगळं वाढून पान ओट्यावर ठेवलं आणि लंकाबाई दोन पावलं मागे सरतात न सरतात तोच कावळा उतरला. एरवी या कॉलनीत कावळ्यासाठी लोक गच्चीवर उभे राहून घसा कोरडा करतात. इथे न बोलावता आला आणि थेट वड्याला चोच लावून गेला. लंकाबाईंचा ऊर भरून आला. ओल्या हाताने, अनवाणी, त्या दूध काढायला फ्रिजकडे गेल्या. दाराला बोटं लागली आणि बोटांतून कोपरापर्यंत बारीक मुंग्या चढल्या.

आधी त्या दचकल्या. मग त्यांनी पुन्हा हात लावला. पुन्हा तेच. लग्नानंतर पहिल्यांदा धोंडीरामांनी स्वयंपाकघरात चोरून हात धरला होता, तेव्हा असंच काहीसं झालं होतं. लंकाबाई तिथेच फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आलात व्हय?"

त्या दिवसापासून घर भरलं. फरशी नुकतीच पुसलेली असली की हात जोरात लागतो, पायात चप्पल असली की लागत नाही, हे लंकाबाईंना हळूहळू समजलं. मग त्या मुद्दाम फरशी पुसायच्या, चपला दाराशी काढायच्या आणि पदर सावरून फ्रिजपाशी उभ्या राहायच्या. मनातलं सांगायच्या. कधी उत्तरही मिळायचं. फ्रिज घरघरून सुरू व्हायचा आणि त्याच क्षणी हॉलमधली ट्यूब डोळा मिटल्यासारखी मिटून उघडायची. धोंडीरामांच्या फोटोवरचा लाल दिवाही तसाच लपलप करायचा. फोटोशेजारच्या बोर्डातून अधूनमधून जळका वास यायचा, तेव्हा तर लंकाबाई लटक्या रागाने म्हणायच्या, "तिकडं गेल्यावरबी बिडी सुटली नाय ना तुमची?"

पावसाळ्यात मात्र हात कडक व्हायचा. एकदा तर असा हिसका बसला की हातातलं पातेलं लांब उडालं. त्या संध्याकाळी लंकाबाई दिवा न लावता बसून राहिल्या. आपलं काय चुकलं, हे आपल्यावर का रागावले, ते काही केल्या उमगेना. भिंतीतून बारीक चरचर ऐकू येत होती. त्यांना पहिल्यांदा आपल्याच घराची भीती वाटली. पण भीती वाटली तरी माणूस आपलंच, म्हणून त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

मग मनाली आली. मनाली त्यांची एकुलती एक मुलगी, सातपूरला एका कंपनीत कामाला. बाळंतपणापासून घरी होती, आता पुन्हा कामावर जायचं होतं, आणि सव्वा वर्षाच्या वेदिकाला दिवसभर आईकडे ठेवायचं ठरलं होतं. लंकाबाईंनी त्यासाठी पाळणा रंगवून ठेवला होता, नाचणी दळून आणली होती. फरशीही चकाचक पुसली होती.

वेदिका नुकतीच धरून उभी राहायला शिकली होती. रांगत रांगत ती ओल्या फरशीवरून फ्रिजपाशी गेली, दाराला दोन्ही पंजे लावून उठली आणि किंचाळून मागे पडली. लंकाबाईंनी तिला उचललं. आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते आठवून पुढे त्यांना कित्येक दिवस घास गिळवत नव्हता. त्या कौतुकाने म्हणाल्या, "घाबरू नको गं बाई, आजोबा हायेत ते!"

मनालीने आईकडे पाहिलं, मग स्वतः दाराला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "आई, करंट आहे याला! कधीपासून?"

"करंट नाय तो."

"मग काय आहे?"

लंकाबाईंनी सगळं सांगितलं. मनाली रडली, चिडली, आणि शेवटी शांतपणे म्हणाली, "तुझा हट्ट असेल तर राहू दे तसंच. वेदिकाला मी इथे ठेवणार नाही." पिशवी भरायला घेतली. लंकाबाई पाळण्याची दोरी धरून उभ्या राहिल्या. नवऱ्याचा हात सोडायचा की नातीचा, असा पेच देवाने कुणावर आणू नये. मग दोरी सोडून त्या म्हणाल्या, "बोलव त्या मयूरला. नुसतं बघू दे."

मयूर म्हणजे कॉलनीचा वायरमन. कामापेक्षा तोंड जास्त चालणारा. त्याने टेस्टर फ्रिजच्या पत्र्याला लावला, टेस्टरमधला दिवा पेटला, तशी त्याची बडबड बंद झाली. त्याने आधी मेन स्विच पाडला आणि मगच फोटोशेजारचा बोर्ड उघडला. आत वायरचा जोड सैल होऊन कोळसा झाला होता, प्लास्टिक वितळून ओघळलं होतं.

"काकू, वास येत नव्हता का?"

लंकाबाई फोटोकडे बघत राहिल्या.

"ट्यूब मिटमिटते, बोर्ड तापतो, चरचर होते, तर त्याच दिवशी मेन बंद करून बोलवायचं असतं. आणि कुणी चिकटलंच तर त्याला धरायचं नाही. आधी मेन पाडायचा. मेन लांब असला तर माणसाला कोरड्या लाकडाने ढकलायचं." मग तो फ्रिजमागची हिरवी वायर भिंतीवरून चाचपत बाहेर गेला. "फ्रिजच्या आतला करंट थोडाफार पत्र्यावर येतोच. तो या हिरव्या वायरने जमिनीत जायला हवा. तुमचा जातच नाही. म्हणून तुमच्या अंगातून जातोय." वायर अंगणात उतरून थेट ओट्याच्या सिमेंटमध्ये घुसली होती. "इथे हा ओटा कुणी बांधला?"

"मी. ह्यांच्या पानासाठी."

"इथे काकांचा अर्थिंगचा खड्डा होता ना! माझ्या वडिलांनी आणि काकांनी मिळून भरला होता, कोळसा आणि मीठ घालून. माती कोरडी पडली की अर्थिंग काम करत नाही, म्हणून काका दर रविवारी त्यात बादली ओतायचे."

लंकाबाईंना ती बादली दिसली. रोपटं नाही, गवताची काडी नाही, अशा कोपऱ्यात हा माणूस पाणी का ओततो म्हणून त्या दर रविवारी ओरडायच्या. ते नुसते हसायचे. घरात कुणाला झटका बसू नये म्हणून इतकी वर्षं राखण करत होते आणि कधी बोलूनही दाखवलं नाही. आणि त्यांच्या आठवणीसाठी म्हणून आपण त्याच जागेवर सिमेंट ओतलं.

मयूर बोलतच होता. ओटा तोडायचा नसेल तर मागच्या बोळात नवीन खड्डा घेता येईल, म्हणाला.

"मग हात लावल्यावर काय लागंल?" लंकाबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. लागताच कामा नये."

मनालीला वाटलं, आई आता नाही म्हणणार. लंकाबाई आत गेल्या आणि पहार घेऊन बाहेर आल्या. पहिला घाव त्यांनीच घातला. ओटा फुटायला वेळ लागला, पण खाली गवंड्याच्या फावड्याने तुटलेली वायर आणि भेगाळलेली कोरडी माती निघाली. मयूरने वायर बदलली, कोळसा-मीठ भरलं, बोर्डातला जोड नवा केला, आणि करंटची गळती होताच आपोआप मेन पाडणारा ईएलसीबी बसवला. मग त्याने खड्ड्यात पाणी ओतायला सांगितलं. लंकाबाईंनी बादली ओतली. मातीने ती घटाघटा पिऊन टाकली.

मेन सुरू झाला. मयूरने मीटर लावून दोनदा खात्री केली आणि म्हणाला, "आता लावा हात."

लंकाबाईंनी तळहात दारावर ठेवला. गार पत्रा. त्यांनी दुसराही हात ठेवला, मग कपाळ टेकवलं. आत मोटर आपली घरघरत होती. मनालीने विचारलं, "येतंय का गं अजून?"

लंकाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. खाली वेदिका रांगत आली होती. ती आजीच्या साडीला धरून उठली, दाराला हात लावून उभी राहिली आणि फ्रिज थापटून खिदळायला लागली. लंकाबाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि लेकीकडे बघून म्हणाल्या, "मनाली, तुझे बाबा गेले गं."

तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. मनाली खाली बसली आणि तिने आईला जवळ घेतलं.