तांडेलांची खोली

"माणूस हाय का बोंबील?" असं म्हणत ते समोरच्या बाकावर पंजा आपटत. मुकादमाने आजारी कामगाराला उन्हात उभं केलं, कुणा साहेबाने कामावरून काढलेल्याला त्याच दिवशी बिऱ्हाडाबाहेर काढलं, की हा प्रश्न ठरलेला. बाक डुगडुगे, चहा सांडे आणि ज्याचा काही दोष नाही अशा आपल्यालाच मान खाली घालावी लागे.

त्यांना सगळे तांडेल म्हणत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान. उमेदीच्या काळात लाकूड वाहणाऱ्या शिडाच्या जहाजांवर खलाशांचे प्रमुख होते. पुढे शिडं गेली, तेल आलं आणि तांडेल कुवेतच्या जुन्या गावात, बंदराजवळ, मातीच्या भिंतींच्या एका लांबट खोलीत राहून गेले. कोकणातून नवा आलेला, काम सुटलेला, ताप भरलेला कुणीही तिथे खाट मागू शके. दारावर पाटी नव्हती. बंदरावरचे हमालच नव्या माणसाची पत्र्याची पेटी बघून त्या बोळाकडे बोट दाखवत.

मी पुण्याचा, एका कंत्राटदाराकडे टायपिस्ट. पहिल्याच उन्हाळ्यात ऊन लागून पडलो, तेव्हा कचेरीतल्यांनी मला त्या दारात आणून टाकलं. हो, टाकलंच. शुद्धीवर आलो तर तांडेल चमच्याने मला आमसुलाचं पाणी पाजत होते आणि माझ्या मालकाला शिव्या घालत होते.

"मी कुठे आहे?" मी विचारलं.

"कोकणात हायस असं समज. गप पी."

पुढे गावाची जुनी तटबंदी पडली, रुंद रस्ते आले, बोळ एकेक करून आडवे झाले. घरमालकांना सरकारने भरपाई दिली, चांगली दिली. आमच्या खोलीचा मालकही नव्या वस्तीत बंगला बांधून गेला. आत राहणाऱ्या माणसांना मात्र कुणी काही विचारलं नाही. जागा सोडा, एवढंच.

मी तांडेलांना घेऊन आपल्या लोकांच्या संस्थेत गेलो. प्रशस्त हॉल, मधोमध टेबल टेनिसचं टेबल. चिटणीस मराठीच, टाय लावलेले.

"मागं दोन खोल्या हायत तुमच्या," तांडेल म्हणाले. "चार खाटा टाकू द्या."

"अहो, इथे फॅमिल्या येतात. रोगी कुठे ठेवणार? जागाच नाही."

"त्या खोल्यांत काय हाय?"

"नाटकाचे पडदे."

"मंजी पडद्यांना जागा हाय," तांडेल म्हणाले आणि उठले. मी तिथल्या तिथे सभासदत्व सोडलं. इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं भणभणतं. पडदे!

बुलडोझर आला त्या सकाळी आत रायगडकडचा एक आचारी काविळीने पिवळाधमक होऊन पडला होता. तांडेल त्याच्या खाटेच्या पायथ्याशी बसले. पाडकामाचा मुकादम दारातून ओरडला, "चाचा, ऑर्डर है! निकलो!"

"इसको रखने का जगह दिखाव, फिर दीवार मैं खुद तोडता!"

मुकादम चालकाला हात करू लागला. चालक इराणी होता. त्याने आत वाकून बघितलं, यंत्र बंद केलं आणि खाली उतरून मुकाट्याने खाटेचा एक कोपरा धरला. तो, तांडेल, मी आणि खोलीतला आणखी एक जण, अशा चौघांनी ती खाट मशिदीच्या सावलीत नेली. दुपारपर्यंत तिथे नुसती धूळ होती.

आचाऱ्याला आणि तांडेलांना मी गावाबाहेर, खैतानच्या वस्तीत, माझ्या बिऱ्हाडी आणलं. आचारी बरा झाला. तांडेल मात्र मुंबईची बोट लागायच्या दिवशी बसने बंदराकडे जायचे. खोलीच्या जागी आता मोटारी उभ्या राहत. खोली शोधत येणाऱ्यांना गाठण्यासाठी हे त्या मोटारींमध्ये उभे. राखणदार हाकलायचा, "यहां खडा नहीं रहना." तांडेल त्याच्याशी भांडायचे, दोन पावलं सरकायचे आणि पुन्हा उभे.

एका उन्हाळ्यात ते तिथेच कोसळले. संध्याकाळपर्यंत संपले. दवाखान्यात मला कळवायलासुद्धा कुणाला सवड झाली नाही. मी शोधत गेलो तेव्हा समजलं.

संस्थेने शोकसभा ठेवली, त्याच हॉलमध्ये. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावलं होतं. चिटणीस 'थोर समाजसेवक' म्हणाले, मग म्हणाले, "आपण त्यांचे ऋणी आहोत." मी उभा राहिलो.

"मागच्या खोल्यांतले पडदे हलवले का?"

कुणीतरी मागून म्हणालं, "अहो, प्रसंग काय, बोलता काय!"

मी चपला घालून बाहेर पडलो.

पुढची बोट आली त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बंदराजवळ गेलो. मोटारींच्या मधल्या फटीत दोघे जण आपापल्या पेटीवर बसले होते, घामाने भिजलेले. एकाला ताप असावा, त्याचे डोळे लाल होते.

"तांडेलांची खोली हितंच ना वो?" दुसऱ्याने विचारलं.

मी वाकून तापवाल्याच्या पेटीची कडी धरली.