सखारामने विमानाचा पंख सोडला तेव्हा

पोलादपूरची मोटार माझ्या दुकानासमोर एरवी थांबत नाही. गेल्या महिन्यात ती थांबली. ड्रायव्हर उतरून आत आला आणि म्हणाला, सखाराम उतेकर गेले, आज चौथा दिवस. ताप डोक्यात गेला... मी तेव्हा एका नव्या जोडप्याला फोटोसाठी बसवीत होतो. तो फोटो मी काढला असणार, कारण ती माणसे पुढे येऊन तो घेऊन गेली. पण काढल्याचे मला काही आठवत नाही.

महाडात सखारामला ओळखणारे थोडे. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, मुंबईची नोकरी सोडून आलेला एक बहिरा माणूस, एवढीच त्याची ओळख. पण गेली सात वर्षे मी हिंडतो-फिरतो आहे ते त्याच्यामुळे, आणि हे कुठेतरी लिहून ठेवले पाहिजे असे मला वाटते.

फाल्गुनातली गोष्ट. दोन माणसे बसतील एवढे एक लहान विमान पेट्रोल संपत आले म्हणून सावित्रीकाठच्या रिकाम्या भातखाचरांत उतरले. चालवणारा एक तरुण पारशी गृहस्थ होता. पेट्रोल मोटारवाल्यांकडून मिळाले, पण खाचरातून उडायला जागा पुरेना. पलीकडच्या गायरानापर्यंत विमान जमिनीवरूनच चालवत न्यायचे ठरले आणि लोकांनी मधले बांध फोडून वाट करून दिली. तोवर चार गावे गोळा झाली होती. कुणी विमानाला हात लावून पाही, कुणी हळदकुंकू वाही.

सखाराम त्या दिवशी पुतणीच्या लग्नाच्या खरेदीला महाडात आला होता. मुंबईबाहेरच्या एका विमानांच्या मैदानावर तो कामाला असे. पारशी गृहस्थाशी तो दोन वाक्ये बोलला आणि सगळा कारभार त्याच्या हाती आला. बैलांचे कासरे एकाला एक जोडून त्याने गर्दी बाजूला सारली आणि सगळ्यांना समजावून सांगितले. हे यंत्र वर असते तेव्हा खालच्यांना भीती नाही. जमिनीवर चालते तेव्हाच जपायचे. शेपूट खाली टेकलेले, नाक वर, त्यामुळे चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही. तो नागमोडी जातो तो एवढ्यासाठीच. याला ब्रेक नाही. वारा शिरला तर पंख उचलला जातो, म्हणून पंखाचे टोक धरून कुणीतरी बरोबर चालावे लागते. आणि नाकावरचा लाकडी पंखा जोरात फिरू लागला की दिसेनासा होतो.

"दिसत नाय म्हणून तिथं काय नाय, असं समजू नका," तो म्हणाला. "समोर कुणी जायचं नाय."

हे मी माझ्या कानांनी ऐकले होते. पण मी फोटोग्राफर. कासऱ्याच्या मागे राहायचे ते गावकऱ्यांनी, असा माझा समज. सखारामने पंखाचे टोक धरले, विमान चालू लागले, तसा मी आडवाटेने पुढे गेलो, तिवई रोवली आणि काळ्या कापडात डोके घातले. कॅमेऱ्याच्या काचेवर विमान उलटे आणि इवलेसे दिसत होते, अजून लांब असल्यासारखे. पंखा तर दिसतच नव्हता. चालवणाऱ्याला मी दिसत नव्हतो आणि मला पंखा. मी काचेवर चित्र नीट बसवीत राहिलो...

मग कुणीतरी माझी कमर धरून मला उचलून फेकले. मी बांधावर कोपरावर आपटलो. तिवई कोसळली, विमानाचे चाक कॅमेऱ्यावरून गेले. सखारामने पंख सोडला होता, त्यामुळे विमान एका अंगाला वळले आणि पंखाचे टोक बांधाला घासून त्यावरचे कापड हातभर फाटले.

पुढचे सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी उठलो तो कॅमेऱ्याकडे पाहत. चार गावांसमोर मी त्याला वाटेल ते बोललो, त्याची जात काढली, आई काढली. पारशी गृहस्थही पंख का सोडला म्हणून त्याच्यावर ओरडत होता. सखाराम पुन्हा पंखाशी जाऊन उभा राहिला. इंजिन बंद झाल्यावर तो माझ्याकडे आला. पंख्याने ओढून घेतलेल्या माझ्या काळ्या कापडाच्या तीन-चार चिंध्या त्याने शेतातून वेचून आणल्या होत्या. त्या माझ्या हातावर ठेवून तो हळूच म्हणाला, "ह्यात तुमचं डोकं होतं, अण्णा."



दुसऱ्या वर्षी मी मुंबईला गेलो तेव्हा मुद्दाम त्याच्या मैदानावर गेलो. त्याने मला सगळे हिंडून दाखवले, पण नेहमी माझ्या आणि विमानांच्या मध्ये चालत. तिथेच त्याने सांगितले की त्याच्या वाडीतल्या एकाला त्याने स्वतः इथे कामाला लावले होते. तो भर दुपारी, विमान चालवणाऱ्याला निरोप द्यायला म्हणून घाईने गेला आणि फिरत्या पंख्यात सापडला. सखाराम वीस पावलांवर उभा राहून हाका मारीत होता. "इंजिनापुढं हाक पोचत नाय," तो म्हणाला. "तवापासून मी हाक मारीत नाय. पळतो." त्याने माझ्याकडे धाव घेतली तेव्हा त्याच्या मनात काय असेल, ते मला त्या दिवशी कळले.

त्याच इंजिनांनी पुढे त्याचे कान नेले आणि तो वाडीवर परतला. बाजाराला आला की दुकानात टेकत असे. त्याचे आभार मानायला मी कितीदा तोंड उघडले असेल. तो कानाकडे बोट दाखवून हसे आणि चहा पिई. त्याला ऐकू येत होते की नाही, कोण जाणे.

दहाव्याला मी वाडीवर गेलो. ओसरीवर माझ्यासारखी भेटायला आलेली चार माणसे बसली होती. आतून त्याची बायको आली. ती मागून बोलली नाही. वळसा घालून समोर आली, माझ्या दंडाला हलकेच हात लावला, मी वर पाहीपर्यंत थांबली आणि मग विचारले, "पाणी आणू?" मग तिचे तिच्याच लक्षात आले. हात मागे घेत ती म्हणाली, "अण्णा, तुमाला ऐकू येतं, ठाव हाय मला. पण हात आपसूक जातो."

मी म्हटले, "जाऊ द्या, वहिनी." आणि पाणी मागितले.