गॅसचा भात

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिच्या खालच्या खाचरात एका पावसाळ्यात मी प्लास्टिकचे कोंडवाडे उभे केले होते. पाइपचा सांगाडा, भोवती पारदर्शक कागद, वरून उघडं, आत भात. निम्म्यांत सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, निम्म्यांत साधी हवा. सिलिंडर महाडहून टेम्पोने यायचे. वाडीतल्या बायका त्याला गॅसचा भात म्हणायच्या आणि हा शिजायला किती शिट्ट्या लागतील, असं विचारून हसायच्या. मी पीएच.डी. करत होते. थट्टेची सवय होती.

प्रश्न साधा होता. हवेतला हा वायू वाढतोय, झाडं तो खाऊनच वाढतात, तेव्हा भात फोफावणारच, असं शहाणी माणसं सांगत फिरतात. पण वायूचं अन्न करायला पानात प्रथिनं लागतात आणि प्रथिनांना नत्र लागतं. वायू मुबलक मिळाला की पान कमी प्रथिनांत भागवतं. पाला वाढतो, त्यातलं नत्र विरळ होतं आणि पान फिकं पडतं. जमिनीतही नत्राची मारामार असेल तर पुढे वाढसुद्धा रेंगाळते. मग आमच्या वाडीत काय होणार? इथे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचा, शेणखत घालायचं, नत्रासाठी युरिया हाताला लागलाच तर मूठभर टाकायचा. माझ्या भाताला मी फक्त शेणखत दिलं होतं. वायू वाढला तरी आमच्या मातीत भात फुकटात वाढत नाही, एवढंच मला दाखवायचं होतं.

श्रावणात पानं फिकी पडू लागली. फक्त गॅसवाल्या कोंडवाड्यांतली. पीक पिवळं पडलं म्हणून हरखणारी आमच्या वाडीतली मी पहिलीच असेन. पानांची तपासणी ठरवायला मी कॉलेजात गेले. आठवड्याने परत आले तर तीच पानं हिरवीगार झाली होती.

आई बांधावरच होती. "टाकलाय मी युरिया," ती म्हणाली. "तुझी ती गॅसवाली पार पिवळी पडलेली. उपाशी हायत, दिसत नाय का गो तुला? साध्या हवेतली बरी होती, त्यांना नाय टाकला."

आमच्याकडे पद्धतच आहे. खत टाकायला निघालेल्या बाईला बांधापलीकडचा दुसऱ्याचा तुकडा पिवळा दिसला तर ती त्यावरही मूठभर फेकते. विचारत नाही. विचारलं तर उपकार दाखवल्यासारखं होतं. आईने परक्याच्या शेताला जे केलं असतं ते लेकीच्या शेताला केलं. मला इतका राग आला की कानशिलं तापली. पण तिचा चेहरा नुसता फुललेला. आपलेच दात, आपलेच ओठ. मी घरात जाऊन पाणी प्यायले.

सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, मी सगळं सांगितलं. यंदाचा हंगाम बाद धरा, पुढच्या वर्षी पुन्हा करते म्हटलं. त्यांनी कापणीपर्यंत थांबायला सांगितलं. कापणीला गॅसचा भात अर्थातच जोरात निघाला. सर खूष झाले.

"छान आलंय. युरियाचं कुठे लिहायची गरज नाही."

"सर, पण हे युरियाने आलंय."

"मग बसा पुढच्या हंगामाची वाट बघत. शिष्यवृत्ती तुमच्यासाठी थांबणार नाही."

युरिया लपवून मी प्रबंध लिहिला नाही. शिष्यवृत्ती माझ्यासाठी थांबली नाही. माझा प्रबंध तिथेच संपला आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला सर मोकळे झाले. पुढे महाडच्या एका शेतकरी मेळाव्यात त्यांनी तो भात पडद्यावर दाखवला. कारखान्यांच्या धुराला उगाच घाबरू नका, हवेतला कार्बन पिकाला खाऊच आहे, असं हसत हसत सांगितलं. पडद्यावर आमचं खाचर होतं. माझं नाव नव्हतं. मी आईला घेऊन शेवटच्या रांगेत बसले होते. खाचर ओळखून आईने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाची मला आजही चीड येते, आणि चीड येते म्हणून लाज वाटत नाही.

आता मी महाडच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवते. कार्बन डायऑक्साइड वाढवला की प्रकाशसंश्लेषण वाढतं, असं पोरं पेपरात लिहितात. पुस्तकात तेवढंच आहे. मी पूर्ण मार्क देते.

आईला मी काही सांगितलेलं नाही. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी वाडीवर गेले की ती खत टाकायला निघालेली असते. यंदाही युरियाचं घमेलं कमरेवर घेऊन ती अंगणात थांबली आणि दर वर्षी विचारते तेच तिने विचारलं.

"एवढा चांगला भात आला होता गो तुझा. मग पदवी का नाय दिली त्यांनी?"