राईतला ऐन

लाकडाच्या वखारीवरून जाताना ओल्या भुशाचा वास आला, की मला राजापूरजवळच्या आमच्या गावची राई आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवी सून होते, नवरा मुंबईला. देवळाला नवं छप्पर घालायचं म्हणून गावच्या मानकऱ्यांनी राईतले ऐनाचे जुने वृक्ष ठेकेदाराला विकले होते. राईच्या पायथ्याशी झरा होता. वैशाखात विहिरी आटल्या तरी तो वाहायचा. शेजारच्या वाडीने झाडं तोडली आणि तिथलं पाणी गेलं, हे आम्ही बघितलं होतं. ट्रक आला त्या सकाळी सासूबाईंनी भरलेली कळशी खाली ठेवली आणि झऱ्याजवळच्या सगळ्यात जुन्या ऐनाला पाठ लावून बसल्या. मीही बसले, मग पाणी भरायला आलेल्या सगळ्याच. खरबरीत साल पातळातून पाठीला टोचत होती. मानकरी ओरडले, "देवाला छप्पर नको काय गो?" घरातही तोंड न उघडणारी मी बोलून गेले, "छप्पर घाला. पण देवाच्या आंघोळीला पाणी कुठून आणणार?" "तुझ्या नवऱ्याला मुंबईला कळवतो!" "कळवा. येताना पाणी घेऊन ये, असंही कळवा." बायका हसल्या, पण उठलं कोणीच नाही. ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी टेकून दुपारपर्यंत थांबली आणि ट्रक रिकामाच परत गेला. मानकरी जाता जाता सासूबाईंना म्हणाले, "सून फार बोलते तुमची." त्या म्हणाल्या, "बोलू दे. पाणी तीच भरते." झरा अजून वाहतो. आता माझे गुडघे दुखतात. पण कोणी पुन्हा कुऱ्हाड आणलीच, तर पहिली मी जाऊन बसेन.