माठकाकूंची टिचकी

माठकाकूंबरोबर माठ घ्यायला जाणं म्हणजे स्थळ बघायला जाणं होतं. प्रत्येक माठाला त्या टिचकी मारत, कान लावत आणि नाक मुरडून पुढच्याकडे वळत. "काकू, माठ घ्यायचाय की जावई करायचाय?" एकदा विक्रेता वैतागून म्हणाला. "जावयाला टिचकी मारता येत नाही हो, म्हणून तर फसतो आपण," काकूंनी ऐकवलं.

पुण्यात धायरीला आमच्या शेजारी त्या एकट्या राहत. घरात फ्रिज होता, पण त्यात फार तर गजरे असत. "फ्रिजचं पाणी नुसतं थंड असतं, गार नसतं," हे त्यांचं ठाम मत. दहीसुद्धा मडक्यातच लागायचं.

मलेशियात नोकरीला असलेला मुलगा कधीपासून "आई, इकडे चल" म्हणून मागे लागला होता. गुडघे कुरकुरत होते, एकटीला जिने झेपत नव्हते. पण काकूंचा एकच प्रश्न, "तिथे माठ मिळतो का?" तो कपाळाला हात लावायचा.

मागच्या दिवाळीत त्याने तिकडची मातीची काळी सुरई आणली. आकार थेट दुधी भोपळ्याचा. "मलय घरांत पिढ्यान् पिढ्या यातच पाणी ठेवतात," तो म्हणाला. काकूंनी टिचकी मारली, सुरई हुंगली, पाणी भरून ठेवली. सकाळी आमच्यादेखत पेलाभर प्यायल्या. मुलाचा चेहरा दहावीच्या निकालाची वाट बघत असल्यासारखा झाला होता.

"बरं आहे," काकू म्हणाल्या. पुण्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. मग हळूच म्हणाल्या, "पाण्याची कदर असलेली माणसं दिसतात. राहता येईल."

जाताना आपला माठ माझ्या हवाली केला. "रोज धू. साबण लावलास तर बघ!" त्या गेल्यावर मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. दर रविवारी फोन येतो. माझी तब्येत विचारत नाहीत. म्हणतात, "वाजव." मी फोन माठाजवळ धरून टिचकी मारतो आणि त्या ऐकतात.

मागच्या रविवारी आवाज बद्द आला. तडा मला आधीच दिसला होता, सांगवलं नव्हतं.

"गेला ना?" त्यांनी विचारलं.

"हो काकू."

"असू दे. माती भरून तुळस लाव त्यात. आणि नवा आण."

"मला कुठे निवडता येतो?"

"मग बाजारात जा आणि फोन लाव."

काल एका हातात फोन धरून मी माठांना टिचक्या मारत होतो. विक्रेता कपाळावर आठ्या घालून बघत होता. "पुढचा," मलेशियातून काकू म्हणत होत्या. "हाही नको. पुढचा."

मलाही घाई नव्हती.