रायफल माझी, धडे नवऱ्याला

ग्रुपवरच्या मंडळींनो, अजून डोकं तापलेलंच आहे.

शिकारीचं लायसन्स माझं, लहान कॅलिबरची नवी रायफल माझी. आज ब्राउनश्वाइगजवळच्या रेंजवर मरणाच्या थंडीत तिची दुर्बीण जुळवायला गेले. दर वेळी नळी गार होऊ देत तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एकाच जागी, फक्त नेमाच्या जरा खाली.

तेवढ्यात शेजारच्या लेनवरचे जर्मन आजोबा आले आणि थंडीत गोळी खाली का जाते, ते सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याला समजावू लागले. त्याने जन्मात रायफल धरलेली नाही! बोलता बोलता त्यांनी माझ्या दुर्बिणीचा स्क्रूही फिरवला. उलटा!

आणि आमचे साहेब? मान डोलावत, "गेनाऊ, गेनाऊ!" म्हणजे, अगदी बरोबर!

आजोबा मला ओळखत नव्हते, ठीक आहे. हा तर ओळखतो ना?